कलाबारची आई : मेरी स्लेसर

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी मेरी स्लेसर बाईंचे नाव ऐकले असेल. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, हल्ली ज्यास नायजेरिया म्हणतात त्या देशातील कलाबार प्रांतात, ह्या बाईंनी सुमारे ३८ वर्षे टाकून दिलेल्या लेकरांचा सांभाळ केला. परदेशी जाऊन पोरक्या मुलांची सेवा करावी, अशी इच्छा आजही पुष्कळांच्या मनात उद्भवते. अशी सेवा कशास म्हणावे, हे त्यांच्या चरित्रावरून चांगले समजते.

मेरीचा जन्म २ डिसेंबर १८४८ रोजी स्कॉटलंडातील ॲबरडीन येथे झाला. बाप जोडे शिवण्याचा धंदा करी. परंतु दारूच्या व्यसनाने त्याने घर धुळीस मिळविले. आई माग चालवून लेकरांचे पोट भरी. पुढे हे कुटुंब डंडी शहरी गेले. तेथे वयाच्या अकराव्या वर्षी मेरी कापडगिरणीत लागली. प्रथम अर्धा दिवस काम व अर्धा दिवस शाळा, आणि चौदाव्या वर्षापासून पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मागावर, असा तिचा क्रम होता. भुकेले घर व बापाच्या पावलांची भीती ही तिने स्वतः अनुभविली होती. दुसऱ्यांच्या लेकरांचे दुःख तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्यांच्या मृत्यूची वार्ता स्कॉटलंडात पोहोचली, तेव्हा आफ्रिकेस जाण्याचा तिचा विचार पक्का झाला. १८७६ च्या ऑगस्टात, वयाच्या २७ व्या वर्षी, मेरीबाई कलाबारास जाण्यास निघाल्या. तेथे त्यांनी एफिक भाषा अशी आत्मसात केली की, लोकांस त्या आपल्यापैकीच वाटू लागल्या. पुढे त्यांनी केस आखूड कापले, टोपी व जोडे टाकले आणि त्या लोकांचेच अन्न खाऊ लागल्या. पगारातील मोठा भाग त्या आईकडे पाठवीत. हिवतापाने मात्र त्यांस जन्मभर सोडले नाही.

त्या प्रांती एक भयंकर रूढी होती. जुळी मुले झाली, तर त्यांपैकी एकाचा बाप भूत असतो, असे लोक मानीत. ते कोणते हे कळण्यास मार्ग नसल्याने दोन्ही जिवांस मारीत, किंवा मडक्यात घालून रानात टाकीत. आणि आईस अपवित्र ठरवून गावाबाहेर घालवीत. वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ह्या लेकरांची आई मेलेली नव्हती. मरणाने नव्हे, तर रूढीने त्यांस पोरके केले होते. म्हणून लेकरू उचलून आणले की काम संपले, असे मेरीबाईंनी कधीच मानले नाही. त्या आईसही आसरा देत, आणि तिला परत घरात घ्यावे म्हणून तिच्या माणसांची मनधरणी करीत.

जुळ्यांतून वाचलेल्या एका मुलीस त्यांनी आपल्या बहिणीचे नाव दिले. तीच जेनी. १८८३ साली दुखण्यामुळे स्वदेशी जाताना बाईंनी ह्या तान्ह्या मुलीस बरोबर नेले. १८८८ साली त्या अंतर्भागातील ओकोयाँग प्रांती एकट्याच राहावयास गेल्या. तेथील एडेम नावाच्या सरदाराची बहीण मा एमे ही त्यांची जिवलग मैत्रीण झाली. कोठे कोणाच्या जिवावर बेतत आहे, ह्याची खबर ती गुप्तपणे पोहोचवी. तिच्या साहाय्यावाचून एकट्या परदेशी बाईच्या हातून फारसे झाले नसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या मातीच्या घरात लेकरांची दाटी असे. झोळ्यांच्या दोऱ्या हाताशी घेऊन बाई निजत. जे मूल रडे त्याची दोरी अंधारातच ओढीत. डब्याच्या दुधावर ती मुले वाढत. पुष्कळ वाचली नाहीत. त्यांस बाईंनी मूठमाती दिली, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या लेकरास पुन्हा तितक्याच मायेने जवळ घेतले.

१८९१ साली चार्ल्स मॉरिसन नावाच्या तरुण मिशनरी शिक्षकाशी त्यांचा वाङ्‍निश्चय झाला. परंतु त्याची प्रकृती नाजूक असल्याने मिशनच्या मंडळाने त्यास ओकोयाँगास पाठविण्याचे नाकारले. मेरीबाईंनी ओकोयाँग सोडले असते, तर विवाह झाला असता. त्यांनी सोडले नाही. पुढील वर्षी इंग्रज सरकारने त्यांस न्यायनिवाड्याचा अधिकार दिला, व गावोगावचे तंटे त्यांच्यापुढे येऊ लागले. तरी घरातील झोळ्या रिकाम्या राहिल्या नाहीत. उतारवयात पाय चालेनासे झाले, तेव्हा लहान गाडीत बसून, ती ढकलवीत त्या नव्या गावांस जात. १३ जानेवारी १९१५ रोजी उसे ह्या गावी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांनी वाढविलेल्या मुली उशाशी होत्या, आणि जेनी त्यांत होती.

हल्ली दूरदेशी थोड्या दिवसांकरिता अनाथगृहात सेवेस जाण्याची चाल पडली आहे. जाणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, ह्यात संशय नाही. परंतु लेकराने गळ्यात हात टाकावे आणि आठ दिवसांनी ते माणूस निघून जावे, असे वारंवार घडल्यास त्या लहान मनास इजा होते, असे ह्या विषयाचे जाणते लोक सांगतात. ज्यास थोडेच दिवस देता येतात त्याने विहीर खणावी, भिंत बांधावी, तेथे कायम राहणाऱ्या सेविकांस हातभार लावावा. आईची जागा त्याने घेऊ नये.

आणि प्रचारक बंधूंनो, तुमच्या गावी एखादे मूल उघडे पडले, तर त्यास दूरच्या आश्रमात पाठविण्यापूर्वी त्याची आई, मावशी, आजी कोठे आहे हे विचारा. गरिबीने किंवा लोकलज्जेने तिचे दार बंद झाले असेल, तर ते उघडण्याचे काम आधी करा. तसे दार कोठेच नसेल, तर मंडळीतील कोणते घर त्या लेकरास कायमचे आपले म्हणेल, हे येत्या रविवारी मंडळीपुढे मांडा.