विश्लेषण : मास्तरकी सोडून नांगर घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

अभियांत्रिकी शिक्षणात उद्योजकता आता शिकवण्याचा विषय झाली आहे. धान, बांबू, मोहफूल दाराशी असताना चंद्रपूर-गडचिरोलीच्या पदवीधराने पुण्या-नागपूरच्या नोकरीचीच वाट का धरावी, हा इथला नेहमीचा प्रश्न. त्यासाठी एका शिक्षकाचे आयुष्य पाहण्याजोगे आहे.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांत काही रंग आपल्याला ओळखू येत नाहीत, हे लक्षात आले आणि चित्रकाराची वाट बंद झाली. रेखाटनाचा हात मात्र शाबूत होता. यंत्रांची रेखाटने शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे व्हीजेटीआय) शिक्षक झाले. फावल्या वेळी यंत्रे उघडून पाहणे सुरू असे. मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायच्या, थोरले बंधू रामुअण्णांनी त्या विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा जोडधंदाही होता. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगाव गाठले.

नांगर का विकला जाईना?

कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. ओतकाम जमले; अडले ते गिऱ्हाइकाशी. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली, असे सांगतात. ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. खरे तर ती ग्राहक समजून घेण्याची गोष्ट आहे, आणि प्रकल्प अहवालात नेमके तेवढेच पान कोरे असते. धानाच्या बांधीत रोवणीचे यंत्र उतरवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षाही तिथेच, बांधीतल्या चिखलात.

माळावरची वाडी

पुढे बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले : कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजारांचे बिनव्याजी कर्ज. निवडुंग आणि साप तोडत-मारत १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कामगार तिथेच शिकून तयार झाले. शिक्षा भोगून आलेल्यांवरही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम सोपवले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर हरिहरला लेथ, पुण्यात तेल इंजिने आणि बंगळूरुत विजेच्या मोटारी बनू लागल्या होत्या.