झेंडा देणारे बेलग्रानो



आपण पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याला वंदन करतो. तसा प्रत्येक देशाला आपला झेंडा असतो. अर्जेंटिना देशाचा झेंडा ज्यांनी तयार केला, त्या मानुएल बेलग्रानो यांची माहिती मी सांगणार आहे. हा देश दक्षिण अमेरिकेत आहे. जगाच्या नकाशात डावीकडे पार खाली बघा, म्हणजे सापडेल.

बेलग्रानो यांचा जन्म ३ जून १७७० रोजी ब्यूनस आयर्स येथे झाला. वडील श्रीमंत व्यापारी होते. बेलग्रानो स्पेनमध्ये शिकून वकील झाले. तेव्हा त्यांच्या देशावर स्पेनच्या राजाचे राज्य होते. १८१० साली लोकांनी राजाच्या अधिकाऱ्याला काढून टाकले आणि लढाई सुरू झाली. वकील असून बेलग्रानो यांना सेनापती व्हावे लागले.

आता गंमत ऐका. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच रंगाचे झेंडे घेऊन लढायचे. मग आपला कोण आणि शत्रूचा कोण, ते कसं कळणार? म्हणून बेलग्रानो यांनी आकाशी आणि पांढऱ्या रंगाचा झेंडा केला. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी रोसारिओ येथे पाराना नदीच्या काठी तो पहिल्यांदा फडकवला. पण त्यांचेच सरकार रागावले. राजाला उघड नाही म्हणायला ते भीत होते. झेंडा लपवून ठेवा, असा हुकूम निघाला. तो पोचायच्या आत बेलग्रानो उत्तरेला निघून गेले होते. तिथे हुहुई गावी २५ मे रोजी त्यांनी पुन्हा झेंडा फडकवला. पुन्हा बोलणी खाल्ली. मग मात्र झेंडा गुंडाळून ठेवला.

ऑगस्टमध्ये शत्रूचे मोठे सैन्य आले. बेलग्रानो यांनी सगळ्यांना हुहुई सोडायला सांगितले. लोकांनी गुरेढोरे बरोबर घेतली आणि पिके जाळून टाकली. शत्रूला दाणासुद्धा मिळू नये म्हणून. आपलं पीक आपल्याच हाताने जाळताना काय वाटलं असेल, ते आपल्याला सांगायला नको. पुढे सप्टेंबरात तुकुमानला त्यांनी लढाई जिंकली. २० फेब्रुवारी १८१३ रोजी साल्ताची लढाई तर त्याच झेंड्याखाली जिंकली.

सरकारने त्यांना ४०,००० पेसो बक्षीस दिले. पेसो म्हणजे तिकडचे पैसे. बेलग्रानो यांनी ते स्वतःला ठेवले नाहीत. तारिहा, हुहुई, तुकुमान आणि सांतियागो देल एस्तेरो या चार गावांत शाळा काढायला दिले. शाळांचे नियमसुद्धा स्वतः लिहिले. गरिबांच्या मुलांना कागद, लेखणी, शाई आणि पुस्तके द्यावीत, असे त्यात होते.

९ जुलै १८१६ रोजी देश स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात तो झेंडा देशाचा झाला. १८१८ साली त्यावर मधोमध सूर्य आला.

२० जून १८२० रोजी बेलग्रानो वारले. तेव्हा ते फार गरीब झाले होते. डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी आपले घड्याळ दिले. हे ऐकून मला रडूच आलं.

आणि त्या शाळा? त्यांच्या हयातीत त्या बांधल्याच नाहीत. तारिहाची शाळा १९७४ साली झाली. ते गाव आता बोलिव्हिया देशात आहे. हुहुईची शाळा तर २००४ साली झाली. मला फार राग आला. मुलांसाठी दिलेले पैसे मुलांना का नाही मिळाले?

२० जून हा अर्जेंटिनात झेंड्याचा दिवस असतो. त्या सुमारास तिथली चौथीची मुले झेंड्यापुढे शपथ घेतात. मी पण चौथीत आहे. मला वाटतं, त्या मुलांनी झेंड्याबरोबर त्या चार शाळांचीही आठवण ठेवावी. झेंडा आणि शाळा, दोन्ही एकाच माणसाने दिल्या आहेत.