सविता आंबेडकर : एका ठेव्याची जपणूक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नित्य वापरातील वस्तू पुण्यात सेनापती बापट मार्गावरील सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. त्या डॉ. सविता आंबेडकर यांनी दिल्या. त्यांच्या चरित्राची चर्चा मात्र बहुधा विवाह आणि पतिनिधन या दोन घटनांभोवतीच घोटाळत राहते. पुढील सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळच्या वैधव्यात त्यांनी काय सांभाळले आणि ते कोणाच्या हाती सोपवले, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही.

पूर्वाश्रमीच्या शारदा कबीर यांचा जन्म २७ जानेवारी १९०९ रोजी एका सारस्वत कुटुंबात झाला. आरंभीचे शिक्षण पुण्यात झाल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. पदवी घेतली. पुढे डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात त्या काम करीत असताना बाबासाहेब तेथे उपचारासाठी येऊ लागले. मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या वेदना यांनी ते त्या काळात जर्जर झाले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा नोंदणी विवाह झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी पतीसमवेत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वीच, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे निधन झाले.

या मृत्यूबाबत पत्नीवरच संशय घेतला गेला. जन्माने ब्राह्मण असलेली डॉक्टर पत्नी, एवढी सामग्री संशयाला पुरेशी ठरली. १९५७ मध्ये शासकीय चौकशीने मृत्यू नैसर्गिक असल्याचा निर्वाळा दिला, तरी लोकमानसातील किल्मिष गेले नाही. येथे एका कागदाची हकीकत विशेष उद्बोधक आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत पत्नी आणि डॉ. मालवणकर यांनी आपले आयुष्य टिकवून धरल्याची कृतज्ञ नोंद होती. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो या प्रस्तावनेवाचून. भगवान दास यांनी १९८० मध्ये ती प्रकाशात आणली. ज्या साक्षीने सविताबाईंचा बचाव झाला असता, ती साक्ष अशी जवळजवळ पाव शतक वाचकांपासून दूर राहिली. ग्रंथातून एखादे पान गळणे ही नेहमीच मुद्रणाची बाब नसते.

कागदपत्रांचे भवितव्यही असेच खडतर ठरले. वारसाहक्काचा वाद न्यायालयात गेला आणि हस्तलिखितांच्या पेट्या दीर्घकाळ प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. १९६७ मध्ये दिल्लीतील २६, अलीपूर रोड हे निवासस्थान रिकामे करून घेतले जात असताना बरेच कागद अंगणात पडून पावसात भिजले. वाचलेल्या पेट्यांतील लेखन पुढे महाराष्ट्र शासनाच्या समितीने वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध करण्यास घेतले. त्याचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला.

सविताबाईंनी मधली वर्षे दिल्लीजवळ मेहरौली येथे जवळजवळ अज्ञातवासात काढली. दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणले, आणि ज्यांच्याविषयी इतके प्रवाद होते त्या ‘माईसाहेब’ झाल्या. १९९० मध्ये बाबासाहेबांना दिलेला मरणोत्तर भारतरत्न किताब त्यांनी स्वीकारला. त्याच वर्षी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठीत पतीच्या सहवासाच्या आठवणी लिहिण्याची परंपरा रमाबाई रानडे यांच्यापासूनची. परंतु रमाबाईंचा आठवणी सांगण्याचा अधिकार कोणी नाकारलेला नव्हता. सविताबाईंना तो सिद्ध करावा लागला, म्हणून त्यांच्या निवेदनात औषधे, पथ्ये, तारखा आणि पत्रे यांची दाटी आढळते. हा दोष मानून पुस्तकाकडे केवळ कैफियत म्हणून पाहणे मात्र अपुरे आहे.

कारण या पुस्तकाला जोडून वाचावा असा दुसरा संग्रह पुण्यात आहे. बाबासाहेबांचा पलंग, खुर्च्या, कपडे, भांडी, व्हायोलिन आणि भारतरत्न पदक त्यांनी सिंबायोसिसला दिले. १९९६ मध्ये संग्रहालय सुरू झाले, तेव्हा ही शिक्षणसंस्था होती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला २००२ मध्ये मिळाला. हस्तलिखितांवर न्यायालय, शासन आणि वारस असे अनेकांचे हक्क होते. घरातल्या वस्तू मात्र त्यांच्या हाती उरल्या होत्या. मधुमेही रुग्णाचे ताट कसे वाढले जाई, याचे तपशील आत्मचरित्रात आहेत, आणि भांडी संग्रहालयात. या वस्तू विकण्याचा वा खाजगीत ठेवण्याचा मार्ग त्यांना खुला होता. त्यांनी त्या विद्यार्थ्यांचा राबता असलेल्या ठिकाणी दिल्या.

२९ मे २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, मूळ मराठी पुस्तकानंतर बत्तीस वर्षांनी.