देहूच्या आश्रयाला आलेली बहिणा

देहू म्हटले की तुकोबांचे नाव ओठांवर येते. परंतु त्यांच्या हयातीत या गावी आश्रयाला आलेल्या एका परागंदा कुटुंबाची कथा हाही देहूच्या इतिहासाचाच भाग आहे. ती कथा संत बहिणाबाईंची असून त्यांनी ती आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

१६२८ च्या सुमारास वेरूळनजीक देवगाव येथे कुलकर्णी घराण्यात बहिणाबाईंचा जन्म झाला. बालपणीच त्यांचा विवाह शिऊरच्या गंगाधर पाठक या वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी झाला. पुढे भाऊबंदकीचा कलह विकोपास गेला आणि सारे कुटुंब रातोरात गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत ते कोल्हापुरास पोहोचले. तेथे तुकोबांचे अभंग कानी पडले आणि कधीही न पाहिलेल्या त्या पुरुषास बहिणाबाईंनी गुरू मानले. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गणल्या गेलेल्या संताचे शिष्यत्व पत्करावे, हे वेदपाठी पतीला असह्य झाले. त्याने त्यांना मारहाणही केली. एका दुखण्यानंतर मात्र त्याचेच मन पालटले आणि कुटुंबाने देहूची वाट धरली.

देहूत तुकोबांचे कीर्तन लाभले, तसा मंबाजी गोसाव्याचा रोषही ओढवला. आपले शिष्यत्व नाकारले जाताच त्याने या कुटुंबाला वाळीत टाकण्याची खटपट केली, पुण्याच्या आपाजी गोसाव्यांकडे तक्रार धाडली आणि त्यांची गाय पळवून तिला मारले. या द्वेषाचे मूळ गुरूच्या जातीत होते, बहिणाबाईंच्या परगावीपणात नव्हे. मात्र छळ सोपा झाला तो परगावीपणामुळेच. मंबाजीने तुकोबांनाही त्रास दिला. पण तुकोबांचे घरदार देहूतच होते. बहिणाबाईंपाशी गावात ना जमीन होती, ना भाऊबंद.

आज त्याच परिसराचे रूप पालटले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. बहिणाबाईंच्या मराठवाड्यातून, तसेच बिहार, ओडिशातून माणसे येथे पोटासाठी येतात. त्यांच्याविषयी बोलताना राजकीय व्यासपीठावर ‘लोंढे’ हा शब्द सर्रास वापरला जातो. लोंढ्याला चेहरा नसतो. तो थोपवायचाच असतो. बहिणाबाईंचे अभंग नेमके याच्या उलट करतात. पळून आलेल्या कुटुंबातील बाप, नवरा, गाय, वासरू यांना ते वाचकासमोर उभे करतात आणि वाचणाऱ्याला त्यांची गणना करणे अशक्य होते.

पाणी, घरे, रोजगार यांवरील ताण खोटा नाही. स्थानिक तरुणाची बेकारीही खरी आहे. पण त्याचा जाब नियोजन करणाऱ्यांना आणि कंत्राटी पद्धतीने कमी वेतनावर राबवून घेणाऱ्यांना विचारावयास हवा. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला धाकात ठेवणे सोपे असते, एवढ्याने तो दोषी ठरत नाही.

बहिणाबाई अखेर शिऊरला परतल्या आणि १७०० मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांना हुसकू पाहणाऱ्याचा मठ देहूच्या अभिमानाचा विषय झाला नाही. दूरदेशीहून आलेली ही शिष्या मात्र झाली. पाहुण्यांची गणती करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.