चाकात हवा भरणारा पशुवैद्य

सायकलचे चाक रात्रभरात बसले की दुकानदार आधी टायरला हात लावत नाही. थोडी हवा भरून तो वॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा, बहुधा थुंकीचाच, एक थेंब लावतो. बुडबुडा आला तर दोष वॉल्व्हवरच्या बारीक रबरी नळीचा. नाही आला तर ट्यूब बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची. बुडबुडे जिथून निघतात तिथे खूण करायची, जागा घासायची, सोल्युशन लावून ठिगळ दाबायचे. पाच-दहा मिनिटांचे हे काम. ज्या माणसामुळे जगाची वाहने हवेच्या उशीवर धावू लागली, त्या जॉन बॉइड डनलॉप यांच्या पहिल्या टायरवर मात्र ते करायचे म्हणजे मोठाच खटाटोप होता.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ते पदवीधर झाले. काही वर्षे तिथेच व्यवसाय करून १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्यांचा दवाखाना चांगलाच नावारूपाला आला. घोड्यांवर चालणाऱ्या त्या शहरात पशुवैद्याला कामाची वाण नव्हती. दाढीधारी, अबोल प्रकृतीचा हा डॉक्टर व्यवसायाला लागणारी उपकरणे बरेचदा स्वतःच बनवी. रबर कसे वागते, हे त्याला त्यातूनच ठाऊक झाले होते.

१८८७ मध्ये प्रश्न आला तो घरातूनच. मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवी. तिच्या चाकांवर भरीव रबर होते आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. भरीव चाक दगडावर आले की सारे वाहन, त्यावरच्या स्वारासकट, तेवढे वर उचलले जाते आणि पुन्हा आदळते. स्वाराची शक्तीही त्यातच खर्ची पडते. दगड चाकातच सामावून घेता आला तर? डनलॉप यांनी लाकडाची एक मोठी तबकडी घेतली, तिच्या कडेभोवती पातळ रबराची नळी कापडी पट्टीने खिळवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग अंगणात आधी तीनचाकीचे मूळ चाक घरंगळत सोडले. ते थोडे अंतर जाऊन कलंडले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आपटले आणि उसळून मागे आले. गादीसारखे मऊ चाक जड चालेल, हा सर्वसामान्य समज त्या एका धडकेत खोटा ठरला.

जुलै १८८८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबरला ते मिळाले. लोकांना मात्र हा प्रकार हास्यास्पद वाटे. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा स्पर्धक जाडजूड टायरांची सायकल घेऊन उतरला, तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. ह्यूमने तिथल्या चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. बापाने हा पराभव व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिला आणि त्याच वर्षी टायरची कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले व बदल्यात काही समभाग घेतले.

यानंतर जे घडले ते कोणत्याही संशोधकाची झोप उडवणारे होते. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच ते अवैध असल्याचे डनलॉप यांना कळवण्यात आले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. त्याच्या घोडागाड्या लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालूनही दाखवल्या गेल्या होत्या. पण तेव्हा सायकल नव्हती, रबर महाग होते, आणि ती कल्पना कागदपत्रांत पडून राहिली. थॉमसन १८७३ मध्ये वारला. डनलॉप यांना त्याच्याविषयी काहीच माहीत नव्हते आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारणही दिसत नाही. तरी कायद्याच्या लेखी पहिला तो पहिलाच.

कंपनी तरली ती इतरांच्या कल्पनांवर. डनलॉप यांचा टायर धावेवर कायमचा चिकटवलेला असे. काटा रुतून हवा गेली तर कापड आणि रबराचे थर द्रावण लावून सोलायचे, छिद्र शोधायचे आणि सारे पुन्हा चिकटवायचे. थोडक्यात, निदान सोपे पण शस्त्रक्रिया भयंकर. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेत तार असलेला, हाताने काढता-घालता येणारा टायर शोधला. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी धावेच्या वळलेल्या कडेत अडकणारा टायर आणला. ही दोन्ही पेटंटे कंपनीने विकत घेतली. पुढे आलेला वुड्स वॉल्व्ह तर आपल्याकडच्या साध्या सायकलींना अजूनही असतो. आत जाणारी हवा त्यातली रबरी नळी बाजूला सारते आणि आतला दाब तीच नळी छिद्रावर घट्ट बसवतो. नळी कुजली की चाक हळूहळू बसते. गंमत अशी, की अनेक देशांत या वॉल्व्हलाही डनलॉप यांचेच नाव आहे.

डनलॉप यांचे व्यवस्थापनाशी फारसे जमले नाही आणि १८९५ मध्ये ते बाजूला झाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत उतरवली. वाटेत ती अनेकदा पंक्चर झाली, पण मोटारीलाही हवा पेलते हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी द्यू क्रो यांनी कंपनी टेरा हूली या सट्टेबाजाला ३० लाख पौंडांना विकली आणि त्याने ती लगेच ५० लाखांना बाजारात आणली. या पैशाच्या पुरात मूळ कल्पकाच्या वाट्याला फारच थोडे आले.

डनलॉप डब्लिनमध्ये स्थायिक झाले. तिथल्या एका कापड दुकानाच्या व्यवसायात त्यांनी लक्ष घातले. त्यांचा दाढीवाला चेहरा मात्र कंपनीचे बोधचिन्ह होऊन जगभर फिरत राहिला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते वारले. डब्लिनजवळच्या डीन्सग्रेंज स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. बऱ्याच वर्षांनी बेलफास्टच्या नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.