थॅकरेसाहेब व बुडीत पेढ्या

खोट्या डौलाचा उपहास करण्यांत ज्यांची लेखणी अग्रेसर ठरली, ते इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे १८११ सालीं कलकत्त्यास जन्मले. वडील कंपनी सरकारच्या चाकरींत होते. ते १८१५ त वारल्यावर मुलाची रवानगी विलायतेस झाली. तरुणपणीं वारशाचा कांहीं पैसा जुगारांत उडाला, व बराचसा १८३३ च्या सुमारास कलकत्त्याच्या पेढ्यांनीं दिवाळें काढलें त्यांत बुडाला. पुढें १८४० त पत्नीचें चित्त भ्रमलें. पदरीं दोन मुली. लेखणीवांचून आधार नव्हता.

'व्हॅनिटी फेअर'मधील (१८४७-४८) एक जोडपें उत्पन्नावांचून थाटांत राहतें, आणि भिकेस लागतो तो त्यांस घर भाड्यानें देणारा गरीब माणूस! उधारीचा व्यवहार करणारांनीं तें प्रकरण अवश्य वाचावें. 'द न्यूकम्स'मधील (१८५३-५५) भोळा कर्नल बुंदेलखंड बँकेपायीं स्वतः बुडतो, स्नेह्यांसही बुडवितो, आणि धर्मादाय आश्रमांत देह ठेवतो. हें चित्र अनुभवाचें आहे.

थॅकरे १८६३ त लंडन येथें निवर्तले. त्यांची एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. त्या बँकेचा लबाड जनक त्यांनीं हिंदी व्यापारी दाखविला आहे; वस्तुतः कलकत्त्यास कोसळलेल्या त्या मोठ्या पेढ्या युरोपियनांच्या होत्या.