बंदुकीची गोळी, जिभेखालची गोळी

थ्री-नॉट-थ्री रायफल आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर अगदी अलीकडेपर्यंत दिसायची. तिची काडतुसे खडकीच्या कारखान्यातही बनत. १८८८ साली ही रायफल ब्रिटिश फौजेत आली, तेव्हा काडतुसात काळी दारू ठासलेली असे आणि धूर फार होई. तीन-चार वर्षांतच तिची जागा ‘कॉर्डाइट’ने घेतली. ही दारू शेवयांसारख्या काड्यांची. काड्या आधी पितळी नळीत उभ्या भरायच्या आणि मगच नळीचे तोंड निमुळते करायचे. त्या काड्यांत तब्बल ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. छातीत कळ आलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर जिभेखाली देतो ते हेच द्रव्य किंवा त्याचे भावंड. अर्थात अत्यल्प मात्रेत, त्यामुळे स्फोटाची भीती नको!

या दोन्ही गोळ्यांशी आल्फ्रेड नोबेल यांचे आयुष्य बांधलेले होते. जन्म १८३३ चा, स्टॉकहोमचा. वडिलांचे दिवाळे निघाल्यावर कुटुंब रशियात गेले. नायट्रोग्लिसरीनचा शोध मात्र त्यांचा नव्हे. तो १८४७ मध्ये इटलीच्या सोब्रेरो यांनी लावला. त्यांनी थेंबभर चाखून पाहिले आणि त्यांचे डोके ठणकू लागले. नोबेल याच द्रवामागे लागले. १८६४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन धाकटा भाऊ एमिल याच्यासह पाच जण गेले. तरीही ते थांबले नाहीत. १८६७ मध्ये विशिष्ट मातीत हा द्रव मुरवून त्यांनी डायनामाइट केले, तर १८८७ मध्ये ‘बॅलिस्टाइट’ ही बिनधुराची दारू.

तिची माहिती त्यांनी विश्वासाने इंग्रज रसायनज्ञ एबेल यांना दिली होती. एबेल आणि ड्यूअर यांनी १८८९ मध्ये थोडा फेरफार करून कॉर्डाइटचे पेटंट घेतले. नोबेल यांच्या कंपनीने दावा लावला. तो १८९५ पर्यंत चालला आणि हरला. कारण त्यांच्या पेटंटमध्ये ‘विरघळणारे’ नायट्रोसेल्युलोज असे लिहिले होते आणि कॉर्डाइटमध्ये न विरघळणारे होते. एका विशेषणाने घात केला. हा सल त्यांच्या मनातून गेला नाही.

तोवर हृदयविकारही मागे लागला होता. १८७९ मध्ये लंडनच्या डॉ. मरेल यांनी नायट्रोग्लिसरीन हृदयशूळावर चालते हे दाखवले होते. नोबेल यांच्या डॉक्टरांनीही तेच सुचवले. नोबेल यांनी सहकाऱ्याला पत्रातून या दैवगतीचे नवल कळवले, पण औषध घेतले नाही. याने डोके दुखते हे त्यांना पक्के ठाऊक होते. छातीचे दुखणे थांबेल हे पटत नव्हते. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले.

डोकेदुखीबाबत त्यांचे बरोबरच होते. डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांची डोकी सोमवारी हमखास दुखत, कारण रविवारच्या सुट्टीत शरीराची सवय मोडे. आजही कित्येक रुग्ण याच कारणाने गोळी परस्पर बंद करतात. तसे करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते. गोळी बसूनच घ्या, रक्तदाब एकदम उतरतो. व्हायग्रासारखे औषध घेतले असेल तर ते न लाजता आधी सांगा.

या द्रव्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. हे कोडे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये पारितोषिक मिळाले. अर्थातच नोबेल!